कोंबडी पळाली
मराठी चित्रपटसृष्टीतील एक लोकप्रिय नृत्यगीत. केदार शिंदे दिग्दर्शित जत्रा (२००६) या चित्रपटासाठी ते जितेंद्र जोशी यांनी लिहिले व अजय–अतुल या बंधूंनी स्वरबद्ध केले. त्यांचे बालपण चाकणच्या उत्तरेकडील राजगुरुनगर, जुन्नर इ. गावांत गेले, गावजत्रेच्या ठेक्याशी असलेले चालीचे नाते कानाला सहज जाणवते. आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायिलेले हे गीत भरत जाधव व क्रांती रेडकर यांच्यावर चित्रित झाले.

महाराष्ट्राबाहेर ही चाल पोहोचली ती अग्निपथ (२०१२) या हिंदी चित्रपटातील ‘चिकनी चमेली’ या रूपाने. (हा चित्रपटही १९९० मधील त्याच नावाच्या चित्रपटाची नवी आवृत्ती होय.) संगीतकार तेच असल्याने यास उसनवारी म्हणता येत नाही, शब्द मात्र अमिताभ भट्टाचार्य यांचे, स्वर श्रेया घोषाल यांचा व नृत्य कतरिना कैफ यांचे. मुळातील स्त्री-पुरुषांची खट्याळ जुगलबंदी येथे लोपली व एकट्या नर्तकीचे गाणे उरले. ठेका टिकला, विनोद गेला. अनेक अमराठी श्रोते हिंदी गीतच मूळ मानतात. जोशी, शिंदे व सामंत यांची नावे त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.