पाणी फक्त ग्राफिक्स कार्डलाच? एका उलट्या निर्णयाचा इतिहास

आजचा भाग माझ्याच एका अडकलेल्या निर्णयावरून सुचलाय. घरी छोटी मॉडेल्स ट्रेन करायला मी सेकंडहँड आरटीएक्स ३०९० घेतलं. पुण्यातला वन-बीएचके, कॉम्प्युटर हॉलमध्ये आणि आई पण तिथेच झोपते. रात्री ट्रेनिंग लावलं की ती म्हणते, "अरे, बंद कर ना ती गिरणी!" मग डोक्यात आलं, सीपीयूला हात न लावता फक्त ग्राफिक्स कार्डला वॉटर कूलिंग करावं का?

हे जरा उलटं वाटतं, कारण वॉटर कूलिंग म्हटलं की आपल्याला सीपीयूच आठवतो. १९८० मध्ये आयबीएमने ३०८१ हा मेनफ्रेम आणला, त्याचे प्रोसेसर मॉड्यूल पाण्याने थंड व्हायचे. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं, तेही प्रोसेसरलाच. कारण तेव्हा खरा जाळ तिथेच होता.

पुढे जाळाने जागा बदलली. २०१३ चा इंटेल कोअर आय७-४७७०के फक्त ८४ वॉटचा होता. त्याच वर्षी आलेलं एएमडीचं रेडिऑन आर९ २९०एक्स साधारण तिप्पट वीज खायचं आणि ९५ अंशांवर चालायचं. कंपनीचं म्हणणं, हा बिघाड नाही, डिझाइनच तसं आहे! आवाजाबद्दल तर बोलायलाच नको.

वर्ष संपता संपता एनझेडएक्सटीने क्रॅकन जी१० हे ब्रॅकेट काढलं. सीपीयूसाठी बनवलेला तयार वॉटर कूलर त्यातून ग्राफिक्स कार्डवर बसवता यायचा. गंमत बघा, त्या ब्रॅकेटवर ९२ मिलिमीटरचा एक पंखाही होता. पाणी आहे तर पंखा कशाला? कारण पंपाची तांब्याची प्लेट फक्त मधल्या चिपला टेकते. बाजूची मेमरी आणि कार्डला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, तसेच तापत राहतात. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो छोटा पंखा आहे.

एप्रिल २०१४ मध्ये एएमडीने हाच प्रकार फॅक्टरीतून विकला. आर९ २९५एक्स२ मध्ये दोन जीपीयू, ५०० वॉट आणि १२० मिलिमीटरचा एक रेडिएटर. दोन आठ-पिनच्या केबल आणि स्लॉट मिळून नियमाने ३७५ वॉटच मिळतात. यांनी नियम बाजूला ठेवला. मधोमध पंखा मात्र इथेही होताच, व्हीआरएमसाठी.

२०१५ च्या फ्युरी एक्सने प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. त्याची एचबीएम मेमरी जीपीयूला खेटूनच होती, त्यामुळे एकाच प्लेटखाली दोन्ही आले. व्हीआरएमवरूनही पाण्याची नळी फिरवली होती. पण सुरुवातीच्या काही कार्डांचा पंप कुईं करायचा. आवाज घालवायला पाणी आणलं, आणि पाण्यानेच आवाज केला.

फक्त कार्डला पाणी देण्याचा एक फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. साधं मोठं कार्ड आपली बहुतेक गरम हवा केसमध्येच सोडतं आणि बिचारा सीपीयू तीच ओढतो. रेडिएटर मागे बसवून हवा बाहेर फेकली, तर सीपीयूलाही फुकटात आराम. म्हणजे एकच वस्तू थंड करायची असेल, तर कार्डच निवडावं.

पण माझं कार्ड ३०९० आहे ना! त्याच्या २४ मेमरी चिप्सपैकी १२ मागच्या बाजूला आहेत. ब्रॅकेटवाला कूलर लावला तर समोरची चिप थंड, आकडे मस्त, आणि मागची मेमरी आपली तापतेय. पूर्ण ब्लॉक, पंप, रेडिएटर घ्यायचं तर खर्च वाढतो. शिवाय पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त हलवते. मे महिन्यात ३५० वॉट हॉलमध्येच येणार, आईच्या उशाशी.

म्हणून सध्या पाणी नाही. पॉवर लिमिट ३५० वरून २८० वॉटवर आणली. ट्रेनिंग थोडं हळू झालं, पंखे शांत झाले. मागे एक साधा पंखा बसवलाय, १२ चिप्सकडे तोंड करून. काल रात्री दोन वाजेपर्यंत रन चालू होता, आई उठली नाही.