कामगारांचं कॉफी हाऊस

तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच आपल्या एसटीसारखा तिथला सरकारी बस स्टँड आहे. त्याच्या शेजारी विटकरी रंगाचं एक बांधकाम गरगरत वर गेलेलं दिसतं. मला आधी ती पाण्याची टाकीच वाटली. पाटी वाचली तर इंडियन कॉफी हाऊस!

आत मजले असे नाहीतच. एकच जमीन गोल गोल वर चढत जाते, आणि बाहेरच्या भिंतीला लागून टेबलं आणि बाकं पक्की बांधून काढलेली. पायाखाली चढ असला तरी कप मात्र घसरत नाही (मी बराच वेळ त्यावर डोळा ठेवून होतो :) ). भिंतीत विटा सोडून केलेल्या जाळ्या आहेत. उजेड आणि वारा तिथूनच येतो. एरवी हॉटेलात शिरलं की आपण कोपऱ्यातलं चांगलं टेबल हेरतो. इथे कोपराच नाही, त्यामुळे सगळी टेबलं सारखीच.

ही इमारत लॉरी बेकर यांची. माणूस मूळचा बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना बोटीसाठी मुंबईत अडकला, आणि तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आत मिळावं, हे गांधीजींचं म्हणणं बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. २००७ साली ते तिरुवनंतपुरमातच वारले.

पांढरा गणवेश आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेला फेटा, अशा थाटात वेटर आले. मसाला डोसा मागवला तर आतली भाजी लालभडक. बटाट्यात चक्क बीट! आमच्या आत्याने हा प्रकार बघून काय उद्गार काढले असते ते इथे लिहीत नाही. कॉफी बरी होती, फार अप्रूप वाटावं अशी नव्हे. मला अप्रूप वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. फेटा बांधून कॉफी आणून देणारा हा माणूस नुसता नोकर नाही, तो या कॉफी हाऊसच्या मालकांपैकी एक आहे.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं, आणि तेही मुंबईला. १९३०च्या दशकात जगभर मंदी होती, कॉफीचे भाव पडले होते. देशातल्याच लोकांना कॉफीची गोडी लावावी म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली चर्चगेटला पहिलं 'इंडिया कॉफी हाऊस' काढलं. चहावर पोसलेल्या मुंबईत! पुढच्या दशकात देशभर अशी पन्नासेक कॉफी हाऊसं झाली. स्वातंत्र्यानंतर मात्र कॉफी बोर्डाचं धोरण बदललं आणि १९५०च्या दशकाच्या मध्याला ती एकामागून एक बंद व्हायला लागली. वेटर, आचारी, कपबश्या विसळणारे, सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

अशा वेळी काय होतं ते आपल्या गिरणगावाने चांगलं पाहिलंय. मोर्चे, नुकसानभरपाई, तारखा... इथे कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन यांनी कामगारांना वेगळाच सल्ला दिला: सहकारी संस्था काढा आणि कॉफी हाऊस तुम्हीच चालवा. बोलायला सोपं आहे हो. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसांकडे भांडवल कुठून येणार? धंदा बुडाला असता तर होतं नव्हतं तेही गेलं असतं. तरी ऑगस्ट १९५७मध्ये बंगळुरात पहिली संस्था उभी राहिली. ऑक्टोबरात दिल्लीत कामगारांचं पहिलं कॉफी हाऊस उघडलं. मार्च १९५८मध्ये त्रिशूरला केरळातलं पहिलं. नावात 'इंडिया'चं 'इंडियन' झालं, आणि मालक बदलले.

सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखाना येतो, पाठोपाठ चेअरमनची गाडी येते. (या विषयावर आमच्या काकांशी वाद घालायची माझी तयारी आहे, पण फोनवर, इथे नको.) इथलं सहकाराचं रूप साधं आहे. जो ताट उचलतो तोच सभासद.

सगळीकडे सुखाचं झालं असंही नाही. दिल्लीतलं कॅनॉट प्लेसचं कॉफी हाऊस आणीबाणीत, १९७६ साली, पाडून टाकलं. तिथे बसून लोक सरकारबद्दल फार बोलत, असं म्हणतात. नंतर ते मोहनसिंग प्लेसच्या गच्चीवर गेलं. आणि चर्चगेटचं ते पहिलं कॉफी हाऊस तर आता फक्त इतिहासात.

केरळातल्या या लढ्याचे एक पुढारी एन. एस. परमेश्वरन पिल्लै. ते स्वतः कॉफी बोर्डाच्या कामगारांपैकी, नोकरी गेलेले. त्यांनी हा सगळा इतिहास मल्याळममध्ये लिहून ठेवलाय, 'कॉफी हाऊसची कथा' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक आहे. मला मल्याळम अक्षरही लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल, किंवा वाचून दाखवणारं कुणी ओळखीत असेल, तर जरूर कळवा. पुस्तक मी मिळवतो.