लहू का लगान

लहू का लगान ही सॅनिटरी नॅपकिनवरील कर रद्द व्हावा, या मागणीसाठी मुंबईतील 'शी सेज' या संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये समाजमाध्यमांवर चालवलेली मोहीम होती. हिंदीतील 'लगान' म्हणजे शेतसारा; त्यावरून मोहिमेच्या नावाचा अर्थ 'रक्तावरील सारा' असा होतो.

पार्श्वभूमी

'शी सेज'ची स्थापना त्रिशा शेट्टी यांनी २०१५ मध्ये केली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांची शाश्वत विकास ध्येयांसाठीच्या युवा नेत्यांमध्ये निवड केली. वस्तू व सेवा कराचे दर निश्चित होण्यापूर्वी सुरू झालेल्या या मोहिमेत तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री अरुण जेटली यांना उद्देशून करमुक्तीची मागणी करण्यात आली.

कराचा वाद

१ जुलै २०१७ पासून सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. कुंकू, टिकली आणि काचेच्या बांगड्या मात्र करमुक्त होत्या. सौंदर्यप्रसाधनांना सवलत आणि आरोग्याच्या गरजेवर कर, या विसंगतीवर टीका झाली. जुन्या व्यवस्थेत कराचा एकूण भार १३.६८ टक्के होता, तसेच कर शून्य केल्यास देशी उत्पादकांना कच्च्या मालावरील कराची वजावट मिळणार नाही व आयात मालाचा फायदा होईल, असे केंद्र सरकारचे म्हणणे होते. दिल्ली उच्च न्यायालयात जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील एका संशोधक विद्यार्थिनीने या कराला आव्हान दिले.

निर्णय व परिणाम

२१ जुलै २०१८ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने आपल्या २८ व्या बैठकीत सॅनिटरी नॅपकिन करमुक्त केले. २७ जुलैपासून हा निर्णय अमलात आला. मात्र कच्च्या मालावरील कर कायम राहिला व त्याची वजावट बंद झाली. त्यामुळे कराचा काही भाग उत्पादनखर्चात अप्रत्यक्षपणे उरतो आणि किंमत पूर्ण १२ टक्क्यांनी कमी होईलच असे नाही. करमुक्तीने ग्रामीण मुलींच्या आवाक्याचा प्रश्नही पूर्णपणे सुटत नाही. त्यासाठी महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली होती. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट ५ रुपयांत देण्याची तरतूद होती.

इतर देश

केनियाने २००४ मध्ये, तर कॅनडाने २०१५ मध्ये असा कर रद्द केला. ब्रिटनमध्ये लॉरा कोरिटन या विद्यार्थिनीने २०१४ मध्ये सुरू केलेल्या याचिकेनंतर १ जानेवारी २०२१ पासून तो संपुष्टात आला.