टकळीची चकती

अखंड बोलणाऱ्या माणसाविषयी, आणि बहुधा बाईविषयीच, 'तोंडाची टकळी चालू आहे' असे म्हटले जाते. वर्गात हा वाक्प्रचार आला की आम्ही अर्थ सांगून पुढे जातो. टकळी सांगायची राहते.

टकळी म्हणजे एक काडी आणि तिच्यावर बसवलेली, मधोमध भोक असलेली चकती. चकतीच्या वजनामुळे काडीची गिरकी टिकते आणि पेळूतून ओढलेल्या तंतूंना पीळ बसतो. जाड सुताला जड चकती, बारीक सुताला हलकी, असा साधारण हिशेब. लाकडी काडी मातीत कुजते, सूतही सहसा टिकत नाही. उरते ती चकती. तिचे वजन आणि व्यास मोजूनच पुरातत्त्वज्ञ नाहीशा झालेल्या सुताचा अंदाज बांधतात.

मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला, हा योग विरळा. चकत्या मात्र पुष्कळ मिळाल्या. त्यांत मातीच्या व शंखाच्या साध्या चकत्या आहेत, तशा चकाकत्या फेआन्सच्या मौल्यवान चकत्याही आहेत. त्यावरून श्रीमंत व गरीब अशा दोन्ही घरांत सूतकताई चालत असावी, असा तर्क जॉन मार्शल यांच्या १९३१ च्या ग्रंथात मांडलेला आहे.

चरखा आपल्याकडे त्यामानाने फार उशिरा आला. त्याचा भारतातील आरंभीचा स्पष्ट उल्लेख म्हणून इरफान हबीब यांनी इसामीच्या 'फुतूह-उस-सलातीन' या फारसी काव्याकडे लक्ष वेधले. हे काव्य १३५० साली बहमनी दख्खनमध्ये पूर्ण झाले. उल्लेखाचा संदर्भ बोलका आहे. दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या रझियाला (१२३६–१२४०) दोष देताना, बाईची जागा चरख्यापाशी, असे इसामी सुचवतो. एका यंत्राच्या इतिहासाचा पुरावा आपल्याला मिळतो तो असा, बाईला गप्प बसवणाऱ्या वाक्यातून.

चरखा आल्यावरही टकळी संपली नाही. ढाक्याच्या अतितलम मलमलीचे सूत एकोणिसाव्या शतकातही स्त्रिया टकळीवरच कातत. लोखंडी सळईला मातीची इवलीशी गोळी लावलेली असे आणि टोक शिंपल्याच्या खळगीत फिरे.

लिखित साहित्यात या स्त्रियांची नावे नाहीत. भाषेने त्यांचे हत्यार जपले, पण चेष्टेपुरते. वास्तविक टकळी बडबडत नाही. ती विखुरलेल्या तंतूंचा सलग धागा करते. वाक्प्रचाराचा अर्थ सांगताना एवढे तरी आम्ही शिक्षकांनी सांगायला हवे.