शेवटली अकरावी

आपल्या वर्गाचा वृत्तांत ज्युबिली-अंकासाठीं लिहून द्यावा अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हां आम्ही प्रथम संकोचलों. वर्गाचा इतिहास तो काय असणार? मुलें शाळेंत येतात, शिकतात, परीक्षेस बसतात आणि पांगतात. तथापि आम्ही ज्या सालीं शाळेबाहेर पडलों तें १९७५ साल महाराष्ट्राच्या शिक्षणांत विलक्षण होतें, आणि त्या विलक्षणपणाचा भार आमच्यांतील कित्येकांनीं पुढें जन्मभर वाहिला. त्या वर्षीं राज्यांत शालान्त परीक्षा दोन झाल्या : जुन्या पद्धतीची अकरावीची शेवटली, आणि नव्या पद्धतीची दहावीची पहिली. आम्ही शेवटलीचे.

ह्या परीक्षेस आमच्या वाड्यांतून मॅट्रिक म्हणत, आणि तो शब्द आमच्या आजोबांच्या तोंडीं मोठ्या दबदब्याचा होता. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें व त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तींत उत्तीर्ण झालेल्या मूठभर तरुणांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें १९४९ पासून एस. एस. सी. आली व मॅट्रिक हें नांव सरकारदरबारीं मागें पडलें. परंतु आमच्याकडे लग्नाच्या बोलणींत मुलगा “मॅट्रिक झालेला” असाच सांगत. अकरा वर्षें शाळा आणि चार वर्षें महाविद्यालय असा तेव्हांचा क्रम होता. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें देशभर दहा-दोन-तीन हा एकच आकृतिबंध असावा असें ठरविलें. बेरीज दोन्हींकडे पंधराच. मात्र शाळेचा उंबरठा एक वर्ष अलीकडे आला. कागदावर ही गोष्ट फार सोपी दिसते.

आम्ही पहिलींत बसलों तो जून १९६४ चा. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईंत ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि सहावे पौल हे पोप महाराज डिसेंबरांत तेथें आले. वसईच्या उत्तरभागांतून घरेंचीं घरें लोकल गाडीनें मुंबईस लोटलीं. आमच्यांतील एक-दोघे बापाच्या खांद्यावर बसून गेले होते. त्यांना पोप महाराजांपेक्षां गर्दीचीं डोकींच अधिक आठवतात. तेव्हां मिस्सा लॅटिनमध्यें होई, आणि आम्ही त्या भाषेचे उच्चार अर्थावांचून पाठ करूं लागलों होतों. तोंच व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानें लोकभाषेला वेदीवर स्थान मिळालें, आणि केलेलें पाठांतर वायां गेलें. आमचा वर्ग जें शिके तें लगेच जुनें होई, असा जो विनोद पुढें आमच्यांत रूढ झाला त्याचा आरंभ येथेंच धरावा.

मराठी तरी आमची होती काय? घरीं कोणी सामवेदी बोले, कोणी वाडवळी. पुस्तकांतली मराठी ही वर्गांत शिरतांना चपला काढाव्या तशी, घरची बोली दाराबाहेर ठेवून, बोलावयाची. पांचवींत शेजारच्या गांवांतून मुलें आलीं तेव्हां प्रथम एकमेकांच्या बोलीस आम्हीं पोट धरून हंसून घेतलें, आणि मग मैत्री झाली. मधल्या सुट्टींत कोणाच्या डब्यांतून सुकेळीं निघत, कोणाच्या डब्यांत नुसती भाकरी व सुकी मासळी असे. वांटणी मात्र सर्वांची होई.

मधलीं वर्षें भरभर सांगून टाकतों. डिसेंबर १९७१ च्या युद्धांत दिव्यांना काळे कागद लागले, आणि अंधारांत अभ्यास होत नाहीं ही सबब आम्हांस फुकट मिळाली. १९७२ च्या दुष्काळांत रेशनवर तांबडा मिलो आला. त्याची भाकरी ज्यानें खाल्ली तो ती विसरला नसेल. सातवीनंतर कांहीं मुली शाळेंत दिसेनाशा झाल्या. कोणी वाडींत आईच्या हाताखालीं गेली, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळण्यास घरीं राहिली. त्या कां येत नाहींत हें आम्हीं विचारलें नाहीं. बांक रिकामे झाले, आम्ही ऐसपैस बसूं लागलों, एवढेंच.

मे १९७४ मध्यें रेल्वेचा देशव्यापी संप झाला. तो तीन आठवड्यांच्या आंत मोडला. परंतु त्यांत ज्यांची नोकरी गेली त्यांपैकीं एक आमच्या वर्गमित्राचे वडील होते. हा मित्र गणितांत आमच्यांत पहिला. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां तो आला नाहीं. पहिले कांहीं दिवस हजेरींत त्याचें नांव पुकारलें जाई, कोणी उत्तर देत नसे. एके दिवशीं सरांनीं तें पुकारणें सोडलें.

आतां त्या दुहेरी वर्षाकडे येऊं. मागच्या वर्गास नवा अभ्यासक्रम होता. त्यांच्या पुस्तकांत संचांचें गणित होतें, आमच्या पुस्तकांत नव्हतें. आजवर धाकट्या भावंडांनीं थोरल्यांचीं पुस्तकें वापरावींत हा प्रत्येक घराचा कायदा. तो मोडला. शिवाय एक वर्षाच्या अंतरानें येणारीं दोन लग्नें एकाच मांडवांत उरकावींत तशीं पुष्कळ घरांत दोन मुलें एकाच हंगामांत परीक्षेस बसलीं. आमच्या वर्गांतील एका मुलीचा धाकटा भाऊ दहावींत होता. घरांत वीज नव्हती, कंदील एक. पाटाच्या दोहों बाजूंस दोघें बसत; त्याचें गणित तिला येईना आणि तिचें त्याला. दोन फिया, दोन गणवेष, दोन परीक्षाशुल्कें हा खर्च वडिलांनीं पानवेलीच्या उत्पन्नावर कसाबसा पेलला. दोघेंहि उत्तीर्ण झालीं. गुण तिचे अधिक होते.

पुढें शिकविण्याची ऐपत एकाचीच होती. तो गेला, ती राहिली. कित्येक वर्षें ती पहांटेच्या गाडीनें दादरच्या बाजारांत फुलें घेऊन जात असे, आणि कॉलेजास निघालेल्या आमच्यांतील कांहींची तिच्याशीं फलाटावर गांठ पडे. आम्ही पुस्तकें छातीशीं धरून दुसऱ्या डब्याकडे वळत असूं. कां वळत होतों हें त्या वेळीं आम्हांस कोणी विचारलें असतें तर सांगतां आलें नसतें. आज सांगतां येतें, पण लिहवत नाहीं. ही हकीकत छापण्यास तिनें स्वतः अनुमति दिली, मात्र भावास दोष देऊं नये अशी अट घातली. आम्ही देत नाहीं. एकाच वर्षीं दोन दारें उघडलीं तर गरिबाच्या घरांतून एकालाच बाहेर पडतां येतें, ह्यांत त्या मुलाचा अपराध तो कोणता?

नापास झालेल्यांची गोष्ट याहून निराळी. पूर्वीं नापास झालेला मुलगा जूनमध्यें मान खालीं घालून येई, त्याच बांकावर बसे, आणि महिन्याभरांत नव्या वर्गांत मिसळून जाई. जून १९७५ मध्यें त्याला बसावयास वर्गच उरला नव्हता. आमच्या खोलींत नववीची एक तुकडी बसविली होती. दारावरची “११ वी” ही पाटी खडूनें लिहिलेली असल्यामुळें ती पुसण्यास फारसा वेळ लागला नसावा. आमचे तिघे सोबती त्या दारापर्यंत जाऊन परतले. आम्हां उत्तीर्ण झालेल्यांस तें पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें.

ह्यानंतर आमच्यांत शिक्षक झाले, परिचारिका झाल्या, एक धर्मगुरु व दोन सिस्टर्स झाल्या, आखाती देशांत गेलेले आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले आहेत. ही यादी प्रत्येक अंकांत येते व येथेंहि अन्यत्र आलीच आहे. तेव्हां तिचा विस्तार करीत नाहीं. आमचे मेळावेहि झाले. त्यांस कोणास बोलवावें हें ठरवितांना आम्ही नेहमीं निरोपाचें छायाचित्र पुढें ठेवीत असूं. शाळेच्या पायऱ्यांवर तीन रांगा, मध्यें खुर्च्यांवर सर व बाई. छायाचित्रांत जो आहे तो आमचा, असा हिशेब होता. तो हिशेब कोणी केला असें नाहीं. तो आपोआप झाला होता.

गेल्या पावसाळ्यांत, ह्या लेखाची जुळवाजुळव करीत असतां, आमच्यांतील दोघे त्या गणितवाल्या मित्राच्या घरीं गेले. त्याची केळीची बाग अजून उभी आहे. भोंवतालच्या वाड्यांतून इमारती झाल्या आहेत. चहा झाला, जुन्या सरांच्या नकला झाल्या. महोत्सवाच्या मेळाव्यास यावें असें आम्हीं म्हटलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, “मी अकरावी पास नाहीं, नापासहि नाहीं. तुमच्या कोणत्या यादींत बसूं?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चहाचे पेले त्यानेंच उचलून आंत नेले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही शाळेंत गेलों आणि पांचवीच्या प्रवेशाचें जुनें रजिस्टर पाहण्यास मागितलें. पानें पिवळीं पडलीं आहेत, कडा वाळवीनें खाल्ल्या आहेत, परंतु शाई स्वच्छ आहे. ह्या लेखासोबत आमच्या वर्गाची म्हणून जी यादी छापिली आहे ती निकालपत्रावरून घेतलेली नाहीं, त्या रजिस्टरावरून उतरून घेतली आहे. सातवीनंतर घरीं राहिलेल्या मुली तींत आहेत. अनुक्रम रजिस्टरांतलाच ठेविला आहे. दोन नांवांपुढें ठिकाण कोरें आहे. त्यांचा पत्ता कोणास ठाऊक असल्यास त्यानें धर्मग्रामाच्या कार्यालयांत कळवावा. मेळाव्याचीं निमंत्रणें अजून पाठवावयाचीं आहेत.