बारा जणांचें मंडळ

चार सुशिक्षित माणसें एकत्र आलीं कीं त्यांना एकादें चर्चामंडळ काढावेंसें वाटतें. मंडळ निघतें, नियम छापले जातात, पहिल्या बैठकीस खुर्च्या अपुऱ्या पडतात. आणि वर्ष पुरें होण्यापूर्वींच चिटणीस व दिवा यांखेरीज तेथें कोणी उरत नाहीं. या प्रकाराचा दोष बहुधा लोकांच्या अनास्थेस दिला जातो. परंतु अठराव्या शतकांतील एका लहानशा मंडळाचा वृत्तांत पाहिला असतां हें निदान अपुरें वाटूं लागतें.

इ. स. १७२७ च्या शरदृतूंत, अमेरिकेंतील ब्रिटिश वसाहतींपैकीं पेन्सिल्व्हानियाच्या फिलाडेल्फिया शहरीं, बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या परिचयांतील होतकरू तरुणांचें ‘जुंटो’ नांवाचें मंडळ स्थापन केलें. तो स्वतः त्या वेळीं २१ वर्षांचा असून दुसऱ्याच्या छापखान्यांत नोकरीस होता. त्याचे सोबतीही तशाच स्थितींतले: एक दस्तऐवजांच्या नकला करणारा, एक जमिनीची मोजणी करणारा, एक मोच्याचा धंदा शिकलेला, एक सुतार, एक व्यापाऱ्याचा कारकून. रॉबर्ट ग्रेस हा काय तो एक सुखवस्तु गृहस्थ. दर शुक्रवारीं सायंकाळीं बैठक भरे. प्रत्येकानें आपल्या पाळीस नीति, राजकारण किंवा सृष्टिशास्त्र यांतील एकदोन प्रश्न मांडावयाचे, आणि तीन महिन्यांतून एकदां स्वतः लिहिलेला निबंध वाचावयाचा, असा क्रम होता.

अध्यक्षाच्या देखरेखीखालीं चालणारी ही चर्चा सत्यशोधनाच्या बुद्धीनें व्हावी, वादाच्या हौसेनें किंवा जिंकण्याच्या ईर्ष्येनें होऊं नये, असें ठरलें होतें. असें सर्वच मंडळें ठरवितात. जुंटोचें वैशिष्ट्य याच्या पुढें आहे. आपलें मत निर्विवाद म्हणून ठासून सांगणारे शब्द आणि दुसऱ्याचें म्हणणें तोंडावर खोडून काढणारे शब्द, हे कांहीं काळानें तेथें निषिद्ध ठरले. आणि जो ते उच्चारील त्यानें अल्पसा दंड भरावा असा नियम झाला. हा दंड मताला नव्हता, मत मांडण्याच्या रीतीला होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. कोणाचें मत बरोबर हें अध्यक्ष ठरवूं लागला कीं तो एका पक्षाचा होतो, आणि दुसरा पक्ष पुढच्या बैठकीस येत नाहीं. शब्दांचा तोल संभाळणें एवढेंच त्याचें काम असलें, तर दोन्ही पक्ष त्यास मानतात.

या नियमाची गरज काय होती, हें टॉमस गॉडफ्रे याच्या उदाहरणावरून दिसतें. हा काचा बसविणारा कारागीर स्वतःच्या हिमतीवर गणित शिकला. पुढें नाविकांना सूर्याची उंची मोजतां यावी असें एक उपकरणही त्यानें शोधून काढलें. परंतु साध्या बोलण्यांतही त्यास गणितांतील काटेकोरपणा हवा असे. क्षुल्लक शब्दावर हरकत घेऊन तो सर्वांचें संभाषण अडवी. तो लवकरच मंडळांतून निघून गेला. बुद्धिमत्ता आणि चार माणसांत बसण्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें मंडळ चालविणाऱ्यानें आरंभींच ओळखलेलें बरें.

दुसरा प्रश्न संख्येचा. सभासद बाराच असावे व मंडळाची वाच्यता होऊं नये, असा संकेत होता. कारण अयोग्य मनुष्याचा अर्ज आला तर भिडेस्तव नाहीं म्हणवत नाहीं. पुढें सभासदांना आपापले मित्र आणावेसे वाटूं लागले, तेव्हां फ्रँकलिननें त्यास विरोध केला व प्रत्येकानें त्याच धर्तीचें एकेक पोटमंडळ काढावें असें सुचविलें. अशीं पांचसहाच मंडळें निघालीं, पण मूळ मंडळ आटोपशीर राहिलें. आपल्याकडेही, १८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत निघालेल्या विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेनें त्याच वर्षीं मराठी व गुजराथी ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. तेथें कारण भाषेचें होतें; परंतु एकच सभा फुगविण्यापेक्षां तिला फांद्या फुटूं द्याव्या, ही दृष्टि दोहोंकडे दिसते. १८४९ सालीं त्या सभेच्या तरुणांनीं विनावेतन शिकवून मुलींच्या शाळा सुरू केल्या.

जुंटोंतील बोलणेंही बोलण्यापुरतें राहिलें नाहीं. सभासदांनीं आपलीं पुस्तकें ग्रेसच्या घरीं एकत्र ठेवलीं. पण निगा न राहिल्यामुळें वर्षभरांत तीं ज्याचीं त्यानें परत नेलीं. या अपयशांतूनच १७३१ सालीं वर्गणीचें ग्रंथालय निघालें. ५० वर्गणीदारांनीं प्रत्येकीं प्रथम ४० शिलिंग व पुढें दरसाल १० शिलिंग द्यावयाचे होते. ती संस्था आजही चालू आहे. मंडळांत वाचलेल्या एका निबंधांतून १७३६ सालीं आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांचें पथक उभें राहिलें.

एवढ्या जपणुकीनें वाढलेल्या मंडळासही अखेर ओहोटी लागली. १७६४ च्या सुमारास पेन्सिल्व्हानियांतील राजकीय वैर विकोपास गेलें आणि त्याची झळ जुन्या मित्रांच्या बैठकीस पोंचली. १७६५ सालीं फ्रँकलिननें लंडनहून ह्यू रॉबर्ट्स या जुन्या स्नेह्यास लिहिलें कीं, सार्वजनिक मतभेदांची छाया कधीं तेथें पडली तरीही तुम्ही जाणें सोडूं नका. मंडळास आतां चाळीस वर्षें होण्यास दोनच वर्षें उणीं आहेत.

या पत्रांत त्यानें कोणास दोषी ठरविलें नाहीं, नवा नियमही सुचविला नाहीं. बोलणाऱ्यास दंड करतां येतो. न येणाऱ्यास कसा करणार? तेथें सर्व नियम संपतात. गेल्या शुक्रवारीं आपलें मन दुखावलें असतांही या शुक्रवारीं त्याच खोलींत जाऊन बसणारीं चारदोन माणसें असतील, तोंपर्यंतच मंडळ जिवंत असतें.