जुन्या चित्रपट-पोस्टरवरील घड्या : दोष की ओळखीची खूण?

जुन्या हॉलीवूड चित्रपटाचे पोस्टर पाहताना नवख्या संग्राहकाची नजर प्रथम घडीच्या रेघांवर जाते. तो किंमत पाडून मागतो आणि घडीविना प्रत मिळाली तर जादा दाम मोजतो. जाणकार मात्र त्या दुसऱ्या प्रतीपाशीच थबकतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक पोस्टर घडी घालूनच चित्रपटगृहांकडे रवाना होत. १९४० पासून अनेक दशके या वितरणावर ‘नॅशनल स्क्रीन सर्व्हिस’ या कंपनीचा वरचष्मा होता. ‘वन-शीट’ हे प्रमाण आकाराचे पोस्टर सुमारे २७ बाय ४१ इंचांचे असे. त्याला एक उभी आणि तीन आडव्या घड्या पडत, आठ चौकोन होत आणि ते साध्या पाकिटात मावे. एका चित्रपटगृहातील खेळ संपले की तेच पोस्टर त्याच घड्यांत मिटून पुढच्या गावी जाई. ११ बाय १४ इंचांची जाड लॉबी कार्डे यातून सुटली. पुढे पोस्टर गुंडाळून नळीतून पाठवण्याची पद्धत रूढ झाली आणि लांबीही सुमारे ४० इंचांवर आली.

त्यामुळे १९५० च्या दशकातील म्हणून विकले जाणारे, घडीचा मागमूस नसलेले, ४० इंची आणि पांढरेशुभ्र वन-शीट पुनर्मुद्रित असण्याची शंका घ्यावी. काही अस्सल प्रती घडीविना टिकल्या आहेत, पण त्या विरळा. उलट, नकली प्रतीत मूळ पोस्टरच्या घड्याही छायाचित्रासारख्या छापल्या जातात. अशा वेळी बोट फिरवून पाहावे. रेघ दिसते, पण हाताला लागत नाही. खालच्या कडेला कंपनीचा क्रमांक असल्यास त्यातील पहिले दोन अंक वर्ष सांगतात. आधी ‘आर’ असल्यास ते पुनर्प्रदर्शनाचे पोस्टर समजावे.

घडी असणे वेगळे आणि घडी फाटणे वेगळे. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे कागद आधी विरतो आणि बारीक भोक पडते. नायिकेच्या चेहऱ्यावरच शाई उडाली असेल, तर किंमत खरोखर उतरते.

घड्या घालवण्यासाठी इस्त्री फिरवणे, मागून चिकटपट्टी लावणे किंवा लॅमिनेशन करणे, हे तिन्ही उपाय मूळ रोगाहून वाईट. मौल्यवान प्रत जाणकार संवर्धकाकडून जपानी कागद आणि कॅनव्हासवर गव्हाच्या खळीने चढवून घ्यावी. ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते.

हिंदी चित्रपटांची सुमारे ३० बाय ४० इंचांची पोस्टरही वितरकांकडून घडी घालूनच येत. तीही वारंवार उघडमीट न करता आम्लमुक्त कागदात सपाट पसरून ठेवावीत. पावसाळ्यात बुरशी आधी धरते ती घडीच्या खाचेतच.